पासष्टीला टेकलेल्या बहिणीसाठी निवृत्तीनियोजन

मावशी, पेपरातले आर्थिक सल्लागार म्हातारपणासाठी पैशाच्या तीन बादल्या भरून ठेवायला सांगतात. एक आत्ता लागणाऱ्या पैशाची, दुसरी चार-पाच वर्षांनी लागणाऱ्या, तिसरी त्याच्याही पुढची. तुमच्याकडे बादली एकच आहे आणि ती नळाखाली लावलेली आहे. काळजी करू नका. गरिबाचं नियोजन उलट्या बाजूनं करायचं असतं. पैसेवाल्याला साठीपर्यंत पैसा वाढवत न्यायचा असतो, तुम्हाला पासष्टीपर्यंत तो नेमका कमी करत आणायचा आहे.

आज तुम्ही चौसष्टच्या, म्हणून अजून लाडक्या बहीण आहात. महिन्याला 1,500 रुपये येतात. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की झालं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. पासष्ट पूर्ण झाली की हे नातं संपतं आणि तुम्ही श्रावणबाळाच्या आई होता. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. पगार तेवढाच, 1,500. फक्त कुटुंबाचं उत्पन्न आता वर्षाला 21,000 च्या आत हवं.

जरा हिशेब मांडा. अडीच लाखांचे महिन्याला होतात 20,833. म्हणजे काल जे महिन्याभराचं चालत होतं, ते आज वर्षभराचं दाखवायचं. तेही एका रात्रीत. (रात्र कोणती, हे शोधावं लागणार नाही. शाळेची पायरी न चढलेल्यांचा वाढदिवस आधार कार्डावर बहुतेक 1 जानेवारी असतो आणि चढलेल्यांचा 1 जून. निम्मी आळी एकदमच म्हातारी होते.)

दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर वेगळी वाट आहे. त्या पगारातले 200 रुपये दिल्लीहून येतात, 2007 पासून तेवढेच, आणि उरलेले राज्य घालतं. पण त्यासाठी तुम्ही 2002 च्या पाहणीत गरीब दिसायला हव्या होत्या. त्यानंतर आलेली गरिबी जरा नवीन आहे, तिला थांबावं लागेल.

तेव्हा 21,000 कडे वळू. दिवसाला सत्तावन्न रुपये आणि वर काही पैसे, अख्ख्या कुटुंबाचे. हे खरंच पाळणारं माणूस अर्ज लिहायला टिकणार नाही, आणि टिकलेलं माणूस हे पाळत नसणार. अशा वेळी तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तुमच्याकडे बघतात, तुम्ही त्यांच्याकडे बघता आणि कागदावर ‘वीस हजार’ उमटतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. अट लिहिणाऱ्यानं तर मुळीच नाही.

कामावर जात असाल तर मात्र सांभाळून. 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये ठरली. 67 दिवसांचे 20,904 होतात. अडुसष्टाव्या दिवशी मुकादमानं हाक मारली तरी टोपलं उचलू नका. हमी त्याहून जास्त दिवसांची असली तरी ती पुरी घेतलीत तर सरकारच्याच मजुरीनं तुम्ही सरकारच्याच लेखी सधन ठराल.

खरा धोका मुलाचा. तो पुण्यात टेम्पो चालवतो आणि महिन्याला तीन हजार पाठवतो. वर्षाचे छत्तीस हजार झाले. असला मुलगा आईला परवडत नाही. त्याला समजावून सांगा की बाबा, सतराशे पन्नासच्या वर एक रुपया पाठवू नकोस. कावड हलकी ठेव, नाहीतर श्रावणबाळ कापला जाईल. जमलं तर रेशनकार्डही विभक्त करून घ्या. चूल एकच राहिली तरी कार्डं दोन झाली की पुरे.

अगदीच हलकी ठेवू नको, हेही सांगायला विसरू नका. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांसाठी 2007 चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते आणि मुलानं महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता द्यावा असा आदेश निघू शकतो. म्हणजे मुलानं पाठवलं नाही तर प्रांतांच्या दारात तो गुन्हेगार, आणि पाठवलं तर तहसिलीत तुम्ही अपात्र. काही ठिकाणी ही दोन्ही दारं एकाच आवारात असतात, मधे रसवंतीचा गाडा.

योजनेला श्रावणबाळाचं नाव देणाऱ्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली होती का, अशी मला शंका आहे. त्या गोष्टीत बाण राजाचा होता, आणि म्हातारा-म्हातारी पाण्याची वाट बघतच गेली.

असो. गुंतवणुकीविषयी थोडं. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षापासून महिन्याला अवघे 42 रुपये भरले की साठीनंतर हजार रुपये मिळतात. तुम्ही भरले नाहीत, ही तुमची चूक. योजना आली 2015 साली आणि नाव घालायची मर्यादा चाळिशीची. तुम्ही तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. योजना जन्माला यायच्या आधीच तुम्हाला उशीर झाला होता, याला दूरदृष्टीचा अभाव म्हणतात.

तरी खचू नका. ज्येष्ठांच्या बचत योजनेत सध्या 8.2 टक्के व्याज आहे. त्या दरानं महिन्याला 1,500 रुपये पडायला दोन लाख वीस हजार गुंतवावे लागतात. म्हणजे पगार सुरू झाला की तुम्ही सव्वादोन लाखांच्या मालकीणच झालात म्हणा ना. मुद्दल दिसणार नाही, काढता येणार नाही, सुनेला देता येणार नाही. पण आहे.

तीस वर्षं लोकांची भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्या असतील, तर बँकेच्या केंद्रावरचं यंत्र तुम्हाला ओळखणार नाही. तेल लावून बघा, पुसून बघा, दुसरं बोट बघा. तिथला पोरगा ‘आजी, जोरात दाबा’ म्हणेल. दाबा. वर्षातून एकदा हयातीचाही दाखला द्यायचा असतो. समोर उभं राहणं ही फक्त सुरुवात असते.

चष्मा लागला तर वयोश्री योजना आहे. 65 वर्षांवरच्यांना एकदाच तीन हजार, चष्मा, काठी, कानाचं यंत्र, कमरेचा पट्टा यांपैकी काय लागेल त्यासाठी. तिथं उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. तेव्हा भाकरीसाठी तुम्ही श्रीमंत असलात तरी चष्म्यासाठी गरीबच आहात. दोन्ही दाखले वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एका खिडकीवर दुसरा निघायला नको.

आता तहसिलीच्या फेऱ्या. एसटीला पासष्टीनंतर अर्धं तिकीट असतं. बाई म्हणून ते तुम्हाला 2023 पासून लागूच आहे, त्यामुळे पासष्टीनं त्यात काही भर पडत नाही. पंच्याहत्तरीनंतर मात्र प्रवास पूर्ण फुकट. माझा सल्ला विचाराल तर पगाराचं काम तोवर लांबवा, म्हणजे प्रत्येक खेपेचे तीस-चाळीस रुपये वाचतील. लांबवण्यासाठी तुम्हाला काही करावं लागणार नाही. फक्त यंदा अर्ज द्या.