झुंबा ठीक, पण पाण्याचा ड्रम आधी

नागपुरात कॉलेजच्या मैदानावर दिवसभर झुंबा, योग, एरोबिक्स, किकबॉक्सिंग, प्रत्येक वर्गाची वेगळी पावती आणि जमलेला पैसा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी. बातमी वाचून बरं वाटलं. नुसता डबा फिरवण्यापेक्षा घाम गाळून पैसे जमवणं केव्हाही चांगलं. लेझीम मात्र यादीत दिसली नाही, आपल्याकडे राहून ती का वगळली कोण जाणे.

एक गोष्ट आयोजकांनी मनावर घ्यावी. सिकलसेल आपल्या विदर्भात बराच आढळतो, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यातली काही मुलं त्याच मैदानावर उड्या मारत असणार. या आजारात अतिश्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहकांना, म्हणजे ज्यांच्यात हा दोष आई किंवा वडील एकाकडूनच आलेला असतो त्यांना, एरवी काही जाणवत नाही, पण उन्हात जीव तोडून व्यायाम केला तर त्यांनाही धोका असतो. नागपूरचं ऊन काय सांगावं! त्यामुळे सगळे वर्ग सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ठेवा, दर वर्गानंतर पाणी पाजा, आणि कोणी मधेच बसलं तर "चल रे, अजून दहा!" म्हणून माइकवरून ओरडू नका.

शिवाय पावतीच्या टेबलाशेजारीच तपासणीचंही टेबल लावता येईल. सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीला रक्ताचे थोडे थेंब पुरतात; पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यांपैकी एका प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री करावी लागते. सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, तेव्हा आरोग्य खात्याला एक पत्र टाकून पाहा.

हो, आणि शेवटी किती रुपये जमले नि कुठे गेले, ते फलकावर लावा म्हणजे झालं.