हिरवा लाईट

राजेहो, आज डोस्कंच फिरलं माझं. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर जेसीबीवाल्यानं जिनिंगच्या इंटरनेटची फायबर तोडली, त्याचं मले काही नाही. तो तोडतेच. म्हणून त टॉवरवरून वायरलेस बॅकअप घेतला ना बाप्पा! स्टॅटिक रूट म्हणजे राउटरमधी हातानं लिहून ठेवलेली वाट. मुख्य रूटचं डिस्टन्स 1, बॅकअपचं 10, ज्याचं कमी त्याचा नंबर पहिला. फायबर गेली का पहिला रूट राउटरच्या वाटांच्या टेबलातून गळते अन् दुसरा बसते. पुस्तकात!

इथं राउटरची केबल जाते बाजूच्या मीडिया कन्व्हर्टरमधी, म्हणजे फायबर अन् साधी केबल जोडणाऱ्या डब्यात. फायबर तुटली तिकडं रस्त्यावर, कन्व्हर्टर इकडं मजेत सुरू. पोर्ट अप, लाईट हिरवा, रूट जागेवर, अन् सारी पॅकेटं तुटक्या तारेत. अबे राउटरा, फायबरच्या पलीकडच्या गेटवेले एखादा पिंग, म्हणजे "हायेस का?" अशी हाक, मारून पाय ना! नाही. सांगितल्याशिवाय तो मारत नाही, अन् सांगायचं राहून गेलं.

माल न्यायचं ऑनलाइन ई-वे बिल निघेना, गाठींचा ट्रक जिनिंगच्या फाटकात उभा. मुनीमजीचे फोनवर फोन, "भाऊ, लाईट त हिरवा हाय, तुमचंच काही गंडलं असन." त्या हिरव्या लाईटवर मी एक दिवस चिकटपट्टीच मारतो! तोंडाले दुपट्टा बांधून भर बारा वाजता गाडी हाणली. मुख्य रूट बंद केला, राउटरवरून पिंग गेला. मुनीमजीच्या पीसीवरून? ढिम्म.

त्यात आधीचा एक कारागीर आठवला. दोन ऑफिसं जोडली, जायचा रूट टाकला, यायचा टाकलाच नाही. म्हणजे पोरगी सासरी धाडली अन् माहेरची वाटच नांगरून टाकली. अन् ते "बंद करून चालू करा ना भाऊ"वाले! सेव्ह न केलेलं कॉन्फिग, म्हणजे राउटरची सेटिंग, लोडशेडिंगनं खाल्लं का रडतेत माह्याच नावानं.

अर्धा घंटा गेल्यावर सापडलं. एक पॉलिसी, म्हणजे राउटरमधला खास नियम. मुनीमजीच्या पीसीचा आयपी पत्ता दिसला का पाठव फायबरवर. पॉलिसी टेबलाच्या आधी लागते, अन् राउटरच्या स्वतःच्या पिंगाले लागतच नाही, म्हणून मी येडा बनलो. कोणत्या गाढवानं टाकली म्हणून कमेंट पाह्यली, त "टेम्पररी, दिवाळीनंतर काढणे". टेम्पररीचं स्पेलिंग चुकलेलं. तसं स्पेलिंग साऱ्या तालुक्यात मी एकटाच चुकवतो.

गुपचूप काढली. बिल निघालं, ट्रक गेला. मुनीमजीनं चहा पाजला अन् म्हणते कसे, "मी म्हणत होतो ना भाऊ, लाईट हिरवाच हाय."