चार बाय सहाचं रॉक गार्डन

आमच्या बेळगावातल्या शहापुरातल्या जुन्या घराचं बाथरूम चार बाय सहा, त्यात एक पिंप, एक गीझर आणि कधीकाळी पांढऱ्या असलेल्या टाइल्स. नवीन बघायला गेलं तर दुकानात सगळीकडं तोच बिस्किटी रंग, मग मी घरात जाहीर केलं की मोझेक करायचं, म्हणजे टाइल्सचे तुकडे जोडून नक्षी, घरच्या घरी, राणी कलर आणि मधनं भंडाऱ्यासारखा पिवळा. सासूबाई म्हणाल्या, "बाथरूम करूलीस की यल्लम्माच्या जत्रेत दुकान लावूलीस?"

तसं मोझेक आपल्याला नवीन नाही, टेरेसवर चायना मोझेक करतातच की, पाणी झिरपू नये आणि ऊन परतावं म्हणून. पण तेच भिंतीवर आलं की लोकांना वेड लागल्यासारखं वाटतं. दुकानदारानं फुटक्या टाइल्सचं पोतं फुकट दिलं, त्यात राणी कलर नव्हताच, तो अख्खा विकत घेऊन फोडावा लागला. गवंडी मामा कन्नड हेल काढून म्हणाले, "अक्का, टाइल फुटली तर मालक आमचे पैसे कापतेत, तुम्ही फोडायचे पैसे देणार?" आणि पोत्यात गुंडाळून अशी हातोडी मारली की गल्लीतली सगळी जुनी उधारी वसूल केली असावी.

तुकडे कमी पडले तेव्हा फडताळातले कान तुटलेले कपही गेले. (कुणाचे, ते विचारू नका.) प्रत्येक तुकड्याची धार दगडावर घासायची, नाहीतर साबण लावताना भिंतीला पाठ सोलून निघते, पायाखाली तर त्याहून वाईट, त्यामुळे जमिनीवर मोझेक नकोच, फक्त भिंतीला.

सासऱ्यांना मी चंदीगडचं उदाहरण दिलं. नेकचंद साधे रोड इन्स्पेक्टर, फुटक्या बांगड्या, बशा, टाइल्स गोळा करून अख्खं रॉक गार्डन उभं केलं, 1976 साली लोकांसाठी खुलं झालं. सासरे शांतपणे म्हणाले, "त्यांनी ते रानात केलं. घरच्यांची आंघोळ थांबवून नव्हे."

मुद्दा बरोबर होता, कारण बाथरूम बंद, आणि टॉवेल खांद्यावर टाकून सगळं घर शेजारच्या काकूंकडं, तेही नेमका नळाला पाणी यायचा दिवस साधून, त्यामुळे काकू आता दार उघडताना हसत नाहीत. त्यात बेळगावचा पाऊस, पांढरं सिमेंट वाळतंय कुठलं! सांधे भरले की थोड्या वेळात ओल्या स्पंजनं पुसायचं, उशीर झाला की तुकड्यांवर पांढरट थर बसतो, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. मोबाइलच्या बॅटरीत मी भिंत पुसूलेय, सासूबाई बाहेरनं, "अगं झालं काय, मला जायचंय!"

आता झालंय, आणि दिसतंय झक्कास. सासूबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला चहाच्या आधी बाथरूम दाखवतात. त्रास एकच, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. परवा सासरे आतूनच ओरडले, "ही निळी कडा माझ्या कपाची न्हवं?"

मी म्हटलं, "अहो बाबा, पाणी गार व्हायलंय बघा."