घानात चीफची चिठ्ठी म्हणजे सातबारा नव्हे

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. आता तो धंद्यासाठी आक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीला, निघालेल्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याला तो पटलाही, म्हणून लिहिणं भाग आहे. मेसेज थोडक्यात असा: आफ्रिकेत, उदाहरणार्थ घानात, गावचं सरकार म्हणजे चीफ. जमीन सगळी त्याचीच, नजराणा दिला की कायमची आपल्या नावावर. निवडणुका नाहीत म्हणून भांडणंही नाहीत. आपण मात्र 1962 साली कायदा करून पाटीलकी मोडली आणि वाटोळं करून घेतलं.

‘आफ्रिकेत’ हा शब्द आधी सोडा. बोट्स्वानाने 1968 च्या कायद्याने जमीनवाटप चीफकडून काढून लँड बोर्डांकडे दिलं. घानाचं नाव घेतलंय, तर घानाचंच बघू.

जमिनीचा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यात लोकांचे पैसे बुडतात. चीफ हा गादीच्या जमिनीचा, म्हणजे त्याच्या पदाच्या नावाने राखलेल्या समाजाच्या जमिनीचा, विश्वस्त आहे, मालक नाही. आक्राच्या आसपास तर पुष्कळ जमीन गादीची नसून कुटुंबांची असते. तिथे कुटुंबप्रमुख आणि जाणत्या सदस्यांची संमती लागते. 1992 च्या राज्यघटनेचं कलम 267 सांगतं की गादीच्या जमिनीची कायमची मालकी कुणालाच देता येत नाही, घानाच्या नागरिकालाही नाही. परदेशी माणसाला कलम 266 प्रमाणे जास्तीत जास्त 50 वर्षांचा भाडेपट्टा. विषय संपला.

त्याच 267 मध्ये पैशाचाही हिशोब आहे. गादीच्या जमिनीचे 100 सेडी (घानाचं चलन) जमा झाले, तर 10 वसुली करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या खर्चाला. उरलेल्या 90 पैकी 22.50 गादीच्या इतमामासाठी, 18 पारंपरिक सत्तेला, म्हणजे त्या भागातल्या चीफ मंडळींच्या परिषदेला, आणि 49.50 जिल्हा असेंब्लीला. म्हणजे जवळपास निम्मा पैसा निवडून आलेल्यांच्या सभेकडे जातो. निदान कागदावर.

कागदावर म्हणायचं कारण ‘ड्रिंक मनी’. पूर्वी हा दारूच्या बाटलीचा मान होता, आता त्याची घसघशीत रोकड झाली आहे. भाडं नाममात्र लावायचं आणि खरी किंमत या नावाखाली घ्यायची, की ती वाटपात येतच नाही. मेसेजमधला नजराणा तो हाच. बदल्यात मिळते एक वाटपाची चिठ्ठी. तोच प्लॉट आणखी दोघांना दिलेला असतो, किंवा आराखड्यात तिथून रस्ता जात असतो, आणि हे कळतं भिंत अर्धी चढल्यावर.

म्हणून पैसे देण्याआधी परवानाधारक सर्वेअरकडून नकाशा काढून लँड्स कमिशन या सरकारी जमीन कार्यालयात शोध घ्यायचा. जमीन गादीची की कुटुंबाची, कोर्टात दावा आहे का, हे तिथे आणि गावात दोन्हीकडे विचारायचं. भाडेपट्ट्यावर एकट्या चीफची नव्हे, गादीच्या ज्येष्ठांचीही सही हवी. मग कमिशनची मान्यता, मुद्रांक, नोंदणी. बांधकामाचा परवाना पुन्हा असेंब्लीकडून. तो नसेल तर बांधकाम पाडलं जाऊ शकतं.

‘निवडणुका नाहीत’ हेही खोटं. असेंब्लीचे बहुतेक सदस्य मतदानाने येतात, तेही पक्षाच्या चिन्हाविना. चीफला तर सक्रिय पक्षीय राजकारणाचीच बंदी. संसदेची निवडणूक लढवायची तर कलम 276 प्रमाणे गादी सोडावी लागते. यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जास्तीत जास्त 30 टक्के सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि त्यासाठी पारंपरिक सत्तेचा सल्ला घ्यावा लागतो. जिल्ह्याचा मुख्य कार्यकारीही जनता निवडत नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमायचा, हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर करायचा. आणि श्रमदानाला माणसं जमवायची तर चीफच्या शब्दाला वजन असतं, हेही खरं.

भांडणं नाहीत म्हणे! मार्च 2002 मध्ये यंडी इथे उत्तर घानातल्या दागबोनचे राजे याकुबू अंदानी दुसरे (पदवी ‘या ना’) यांची गादीच्या वादात हत्या झाली. नवा ‘या ना’ गादीवर बसायला जानेवारी 2019 उजाडलं, तेही ‘असांतेहेने’ म्हणजे असांते लोकांचा राजा धरून तीन मोठ्या राजांनी मध्यस्थी केल्यावर.

राहिली पाटीलकी. आपला पाटील सरकारी सारा वसूल करणारा वतनदार होता, म्हणूनच सरकारला एका कायद्याने त्याचं पद रद्द करता आलं. घानाचा चीफ घराण्यातून येतो. दक्षिणेकडच्या अकान लोकांच्या मुलखात राजमाता नाव सुचवते, गादीवर बसवण्याचा मान असलेले ज्येष्ठ त्याला बसवतात आणि दोष सिद्ध झाला तर उतरवतातही. चीफला मान्यता देण्याचा किंवा ती काढून घेण्याचा अधिकार कुणाला देणारा कायदा करायला कलम 270 ने संसदेलाच मनाई केली आहे.