गाडी का पाठवत नाही, आणि सही केल्यावर रुग्णाला का सोडावं लागतं

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं : भावाला दारूच्या व्यसनमुक्तीसाठी घरून उचलून आणायला आम्ही माणसं पाठवली नाहीत. दाखल करताना दोन डॉक्टरांच्या तपासण्या आणि कागदपत्रांत सगळी दुपार गेली. दहाव्या दिवशी त्याने डिस्चार्ज मागितला आणि आम्ही दिला. आता शहराबाहेरचं एक केंद्र निम्म्या पैशांत सहा महिने ठेवायला तयार आहे, गाडीही त्यांचीच. 'परवाना, परवाना करून पैसे उकळतात' हे तुमचं शेवटचं वाक्य.

कोणत्याही रुग्णाची माहिती आम्ही इथे उघड लिहू शकत नाही. तो आमच्याकडे होता की नव्हता, हेही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ती गोपनीयता रुग्णाच्या हक्काची आहे. त्यामुळे फक्त पद्धत आणि तिच्यामागची कारणं सांगतो.

आधी गाडीचं. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास हा कायदा मानसिक आजारातच धरतो. त्यामुळे माणूस ठेवून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रालाही तो लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करण्याचा घरच्यांसाठीचा मुख्य रस्ता त्यात आहे, कलम ८९. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (त्याने स्वतः नेमलेली व्यक्ती, नाहीतर बहुतेक वेळा घरचं माणूस) अर्ज करायचा. मग एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचं. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी काहीतरी गंभीर प्रमाणात दिसलं पाहिजे. शिवाय तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, हेही ठरलं पाहिजे. अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. तिची माहिती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांचं रक्षण करणारं, याच कायद्याखालचं मंडळ) सात दिवसांत कळवायची, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीनच दिवसांत. दोन डॉक्टर म्हणतात ते हेच. ती तपासणी सोडून चार जणांनी रात्री येऊन माणूस उचलला, तर ती भरती होत नाही, तो गुन्हा होतो. शिवाय प्यायलेल्या, झटापट करणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर पालथा दाबून धरला की उलटी श्वासनलिकेत जाऊन तो वाटेतच दगावू शकतो.

घरात मारहाण सुरू असेल तर ११२ ला फोन करा. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका करणाऱ्या माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांत सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी कलम १०० ने पोलिसांवर टाकली आहे. मारहाण नसेल तर सकाळी, पहिला घोट पोटात जायच्या आधी बोला. तेव्हा माणूस ऐकतो, आणि बरेच जण स्वतःच्या पायांनी येतात.

दाखल करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नावर जातो : शेवटची दारू किती वाजता घेतली? रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस कुठे आहे हेच त्याला कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. म्हणून पूर्वी कधी फिट आली होती का, झोपेसाठी अल्प्राझोलम घेतो का, डोक्याला मार लागलाय का, हे सगळं विचारावं लागतं. अल्प्राझोलम अचानक बंद झाली तरी फिट येते, आणि घरच्यांना बहुतेक वेळा त्या गोळ्यांचा पत्ताच नसतो. रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या होतात. दारू तुटल्याची लक्षणं आवरायला जी गोळी देतात, ती यकृत खराब असेल तर बदलावी लागते, क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपॅम. सलाईनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नर्स दर काही तासांनी थरथर, घाम, भास अशा दहा मुद्द्यांवर गुण देते, एकूण ६७ पैकी, आणि त्यावर पुढचा डोस ठरतो. रात्री तीन वाजताही हे चालतं. दोन केंद्रांच्या फीमधला मोठा फरक इथे आहे.

विनापरवाना जागेत हेच चार दिवस माणूस ग्रिलच्या खोलीत असतो. नर्स नाही, चार्ट नाही. थरथर म्हणजे नाटक समजून थंड पाणी ओततात, भास व्हायला लागले की बांधून घालतात. साखळीने बांधणं, एकांतात कोंडणं, सक्तीने डोकं भादरणं, जबरदस्तीने कामाला जुंपणं या सगळ्याला कायद्याने मनाई आहे. आवरून धरण्याची वेळ आलीच, तर ते तातडीचा धोका टाळण्यापुरतं, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि केसपेपरवर नोंद करून.

आता डिस्चार्ज. स्वतःच्या संमतीने दाखल झालेल्या रुग्णाने जायचं म्हटलं, तर कलम ८८ नुसार त्याला सोडावं लागतं. धोका दिसत असेल तर तपासणीसाठी फक्त २४ तास थांबवता येतं. दहाव्या दिवशी बाहेर पडलेला माणूस पुन्हा पिईल ही भीती खरी आहे, आम्हालाही वाटते. त्यावर उपाय दर आठवड्याचं समुपदेशन, गोळ्या आणि घरच्यांची बैठक. डायसल्फिराम, म्हणजे वरून दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी, त्याला सांगून, सहीने देतात. चहातून गुपचूप घालायला कोणी पुडी दिली तर घेऊ नका. वरून दारू गेली की रक्तदाब कोसळतो.

परवान्याबद्दल स्पष्टच बोलतो. भिंतीवर शॉप अॅक्टचं, ट्रस्ट नोंदणीचं किंवा उद्यमचं प्रमाणपत्र असतं आणि 'शासनमान्य' असा फलक असतो. यांतल्या एकानेही रुग्ण ठेवायचा अधिकार मिळत नाही. तो राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीने मिळतो, कलम ६५. महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी आणि अग्निशमनचं प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी. एक आहे म्हणून दुसरं नसलं तर चालत नाही. हद्दीबाहेरच्या फार्महाऊसवर महापालिकेचं पथक जात नाही, म्हणून अशी केंद्रं तिथे निघतात, पण २०१७ चा कायदा तिथेही तसाच लागू आहे. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्याचा पहिला दंड ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत, पुढे ५ लाखांपर्यंत. पहिला दंड फारच कमी आहे असं आमचं मत आहे. आणि सील ठोकताना आतल्या रुग्णांना रुग्णालयात हलवायची सोय आधी झाली पाहिजे. दारू तुटून दुसराच दिवस असलेला माणूस रस्त्यावर सोडला तर कारवाईच त्याच्या जिवावर बेतते.

त्या केंद्रात पैसे भरण्याआधी प्राधिकरणाचं नोंदणीपत्र मागा, तारीख बघा. पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तो शोधा. रात्री कोणती नर्स असते, मनोविकारतज्ज्ञ कोण, आणि ग्रिलच्या किल्ल्या आग लागली तर कोणाकडे, हे विचारा. 'पहिला महिना भेटायचं नाही, फोन नाही' म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

भाऊ आधीच तिथे असेल तर आजच जा आणि त्याला एकट्याने भेटायला मागा. भेटू दिलं नाही तर मंडळाकडे लेखी अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकिलाची मोफत मदत मिळू शकते. जवळचं सरकारी मदतीवर चालणारं केंद्र हवं असेल तर १४४४६ वर विचारा. आणि फिट आली, तो बरळायला लागला किंवा ताप चढला, तर आमच्या किंवा त्यांच्या फोनची वाट न बघता १०८ बोलवा. गाडीतल्या डॉक्टरांना शेवटची दारू कधी घेतली ते सांगा.

केंद्र संचालक