आरोग्याची माहिती लोकांच्या हाती लागू नये म्हणून काय करावं

सार्वजनिक आरोग्य खात्यात लोकांसाठी माहिती लिहिण्याच्या टेबलावर तुमची नेमणूक झाली असेल तर आधी अभिनंदन. आता एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमचं काम माहिती ‘उपलब्ध करून देणं’ एवढंच आहे. ती कुणाला सापडणं, सापडली तर वाचता येणं आणि वाचून काही कळणं ही वेगळी खाती आहेत. ती तुमच्याकडे नाहीत, आणि बहुधा कुणाकडेच नाहीत.

हे ज्ञान मला नुकतंच एका आरोग्य खात्याच्या संकेतस्थळाने मोफत दिलं. घरातल्या लहान मुलाला कुत्रं चावलं होतं. पोरगं भोकाड पसरून रडतंय, पोटरीतून रक्त येतंय, जमलेला प्रत्येक मोठा माणूस वेगळा इलाज सांगतोय आणि मी मोबाइलवर शोधतोय की आता करायचं काय. तिथं जे शिकलो ते तुमच्या पुढच्या बढतीला उपयोगी पडावं म्हणून देतो आहे.

मुखपृष्ठ मान्यवरांसाठी राखून ठेवा. फोटो मोठे हवेत, फीत आणि कात्री स्पष्ट दिसली पाहिजे. खाली एक सरकती सूचना असू द्या, आणि ती अशा वेगाने पळवा की वाचणारा क्रियापदापर्यंत पोहोचायच्या आत वाक्य पडद्याबाहेर गेलेलं असेल.

शोधाची चौकट जरूर ठेवा. तिला काही सापडणार नाही एवढं बघा.

मांडणी नेहमी खात्याच्या रचनेप्रमाणे करावी. माणसाच्या डोक्यात ‘कुत्रं चावलं’ असतं. तुम्ही त्याला आधी विभाग, मग कार्यक्रम, मग प्राणिजन्य आजार, मग मार्गदर्शक सूचना, मग परिशिष्ट अशा पायऱ्या उतरायला लावा. आपली जखम कोणत्या उपसंचालकांच्या अखत्यारीत येते एवढंही ज्याला ठाऊक नाही, त्याने चावून घ्यायला जाऊच नये.

सगळं काही पीडीएफमध्ये द्या. साधी पीडीएफ नव्हे, कागद छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली. पान थोडं तिरकं आलं तर उत्तम. गोल शिक्का नेमका कामाच्या ओळीवर बसवा. अशा फाइलचा एक जास्तीचा फायदा आहे: ज्यांना दिसत नाही आणि जे मोबाइलकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्यासाठी हे पान कोरं असतं. त्यांची तक्रारच येत नाही, कारण इथं काही लिहिलंय हेच त्यांना कळत नाही.

फाइलवर तारीख टाकू नका. जुनी सूचना कोणती आणि नवी कोणती हे ओळखण्यातही एक गंमत असते.

क्यूआर कोड हवाच. तो मोबाइलवर उघडणाऱ्या पानातच छापा. स्कॅन करायला माणूस दुसरा मोबाइल आणेल.

मदतीचा नंबर कार्यालयीन वेळेत चालू ठेवा, आणि ती वेळ कुत्र्यांनाही कळवा.

आकडे देताना ‘दुप्पट’ आणि ‘टक्के’ यांवर भर असावा. कशाच्या दुप्पट, हे सांगायचं नाही. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. खोटं काहीच नव्हतं. सात हजार बायकांमध्ये जो त्रास एकीला व्हायचा तो दोघींना होत होता. पण एक आणि दोन कुणी सांगितलंच नाही. घाबरलेल्या बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. इशारा देणाऱ्यांची कागदपत्रं मात्र बिनचूक होती. तुमचीही असू द्या.

आता मजकुराकडे येऊ, कारण खरं कौशल्य तिथं लागतं. कामाचं वाक्य कधीही वर ठेवू नका. आधी प्रस्तावना, मग पार्श्वभूमी, मग उद्दिष्टं, मग व्याख्या, मग समितीची रचना, मग कोणी कोणाला अहवाल द्यायचा त्याचा तक्ता. मी जी फाइल उघडली तिच्यात हे सगळं होतं. ते ओलांडून पुढे गेलो तेव्हा एका तक्त्याच्या पोटात ते वाक्य भेटलं: ‘जखमेचे यथायोग्य क्षालन करण्यात यावे.’ यथायोग्य! म्हणजे किती वेळ? कशाने? नुसतं पाणी चालेल की साबण लागतो? आणि ‘करण्यात यावे’ म्हणजे कोणी करायचं, मी की सक्षम प्राधिकाऱ्याने? जागतिक आरोग्य संघटना हीच गोष्ट साध्या शब्दांत सांगते: जखम लगेच साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. मग लशीसाठी दवाखाना गाठा. रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून साबण. लक्षणं एकदा दिसू लागली की हा आजार जवळजवळ शंभर टक्के जीव घेतो, आणि धुणं व लस वेळेवर झाली तर तो टाळता येतो. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं यात जातात. त्यांत दहातली चार पंधरा वर्षांखालची पोरं असतात. पोरं, साहेब! आणि ज्या वाक्याने मूल वाचू शकतं ते तुम्ही तक्त्याच्या सातव्या रकान्यात, शिक्क्याखाली, कर्मणी प्रयोगात पुरून ठेवता? समितीच्या अध्यक्षांचं नाव मात्र ठळक अक्षरात, पहिल्या पानावर. कुत्रं चावल्यावर अध्यक्षांना काय करायचंय?

असो. मी सल्ला देत होतो.

बाहेर काही लोक फार वाईट उदाहरणं घालून देतात, त्यांच्यापासून सावध राहा. लॉस एंजेलिस काउंटीने १९९८ पासून हॉटेलांच्या स्वच्छता तपासणीचा निकाल ए, बी किंवा सी अशा एका अक्षरात दर्शनी भागावर लावायला लावला. आत जायचं की नाही हे माणूस रस्त्यावर उभ्याउभ्या ठरवू लागला. अहवाल मागवायला अर्ज नाही, फी नाही. मग खात्याचा दरारा राहणार कसा? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर वीस प्रश्नांची एक चाचणीच तयार करून ठेवली आहे. तिचे पहिलेच प्रश्न असे की मजकुरात एक मुख्य संदेश आहे का, आणि तो सुरुवातीलाच आहे का. असले प्रश्न विचारत बसलं तर वर्षभरात किती परिपत्रकं निघतील?

सगळ्यात धोकादायक उदाहरण बांगलादेशातलं. १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरून जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं ते आयांना शिकवत होत्या. सुमारे १ कोटी २० लाख घरं झाली. नंतर दुसरं कुणीतरी काही घरी जाऊन तपासायचं की आईला काय आठवतंय, पाणी बरोबर बनतंय का. जितकं आईच्या लक्षात राहिलं असेल तितका शिकवणारीचा पगार. हा नियम तुमच्या खात्यात आला तर महिनाअखेर किती जणांच्या घरी चूल पेटेल, याचा हिशेब करून बघा.

शेवटचा सल्ला: एवढं करूनही आजार पसरलाच, तर ‘जनतेत जागरूकतेचा अभाव आहे’ असं निवेदन काढा. लोक वाचतच नाहीत, असं त्यात घाला.

नाही, हे मात्र ऐकून घेणार नाही. लोक वाचतात. ज्याच्या मांडीवर रक्ताळलेलं पोर आहे तो तुमच्या फाइलमधला प्रत्येक शब्द वाचतो, दोनदा वाचतो, कारण त्याला त्या घटकेला दुसरं काही नको असतं. तुम्ही त्याच्यासाठी लिहिलेलंच नसतं. तुम्ही लिहिता वरच्या साहेबांनी हरकत घेऊ नये म्हणून, उद्या चौकशी झाली तर ‘आम्ही कळवलं होतं’ असं दाखवता यावं म्हणून. पान चढवायच्या आधी ते खात्याबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यायचं आणि विचारायचं, ‘यावरून तू आता काय करशील?’ तो गोंधळला तर चूक त्याची नाही. पुन्हा लिहायचं. याला निविदा लागत नाही, समिती लागत नाही, परदेश दौरा तर मुळीच लागत नाही. तासाभराचं काम आहे आणि ते तुम्ही करत नाही. पगार घेता, पाट्या रंगवता, जागरूकता सप्ताह साजरे करता, आणि कुत्रं चावलेल्या पोराच्या आईला ‘यथायोग्य क्षालन’ ऐकवता. लाज वाटायला हवी. आधी ती फाइल काढून टाका, आणि धुण्याचं वाक्य फोटोंच्या वर, मोठ्या अक्षरात, आजच्या आज लावा.