पकड वॉरंटची नोंद कोणाला दिसावी?

साताऱ्याला दाजींशी फोनवर बोलणे झाले की विषय बहुधा न्यायालयांवर येतो, कारण बांधाच्या वादातून निघालेला त्यांचा फौजदारी खटला तालुक्याच्या न्यायालयात बरीच वर्षे पडून आहे. अमेरिकेत कोणाच्या नावावर वॉरंट आहे हे घरबसल्या कळते आणि आपल्याकडे मात्र पोलीस दारात उभे राहीपर्यंत कळत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. पुण्यात वकिली करणारी माझी पुतणी याच्या उलट बाजूने बोलते: आरोपांच्या नोंदी अशा उघड्यावर ठेवल्या, तर निर्दोष सुटलेल्या माणसालाही त्या नोकरीच्या आणि लग्नाच्या वेळी आडव्या येतात. हा वाद मी बरीच वर्षे ऐकत आलो होतो. गेल्या वर्षी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अशी नोंद स्वतः शोधण्याची वेळ आली, तेव्हा मात्र दोघांच्याही म्हणण्यातून एक गोष्ट निसटते आहे असे मला तीव्रतेने वाटू लागले.

झाले असे की माझा भाचा, जो इथे अमेरिकेत शिकायला आहे, पश्चिम टेक्सासकडे गाडीने जात असताना वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला पोलिसांकडून तिकीट, म्हणजे आपल्याकडचे चलान, मिळाले. त्याने त्यावर सही केली. ती सही गुन्ह्याची कबुली नसते, ठरल्या तारखेपर्यंत न्यायालयाला उत्तर देण्याचे ते वचन असते, आणि ते मोडले तर हजर न राहण्याचा वेगळा गुन्हा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हते. पुढच्याच महिन्यात त्याने खोली बदलली, न्यायालयाची पत्रे जुन्या पत्त्यावर गेली आणि तिकिटाचा कागदही हरवला. काही महिन्यांनी भारतात जाऊन व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यायचा होता, तेव्हा तो घाबरून मला म्हणाला, "मामा, माझ्या नावावर वॉरंट तर निघालं नसेल ना?"

आम्ही पहिली चूक केली ती इंटरनेटवर नाव टाकून शोधण्याची. वर येतात ती खासगी संकेतस्थळे, जी आधी पैसे मागतात आणि मग त्याच नावाच्या भलत्याच माणसाची माहिती हाती ठेवतात. खरी नोंद कुठे असते हे समजायला आधी तिथली रचना समजावी लागते. टेक्सासमध्ये २५४ काउंटी आहेत आणि प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला असतो. काही शेरीफ आपल्या पानावर फरारी आरोपींची यादी ठेवतात, पण तिच्यात सहसा मोठ्या गुन्ह्यांतली नावे असतात. मोठ्या फौजदारी खटल्यांच्या नोंदी डिस्ट्रिक्ट क्लर्क या कार्यालयाकडे असतात, त्याखालच्यांच्या काउंटी क्लर्ककडे, आणि वेगाच्या तिकिटासारखे केवळ दंडाचे खटले, जर ते शहराच्या हद्दीबाहेरचे असतील, तर जस्टिस ऑफ द पीस नावाच्या निवडून आलेल्या दंडाधिकाऱ्याकडे जातात, ज्याने वकिलीचे शिक्षण घेतलेले असलेच पाहिजे असे नाही. काउंटीच्या आकाराप्रमाणे तिच्यात अशा दंडाधिकाऱ्यांचे एकापासून आठपर्यंत विभाग असू शकतात. युटाहमध्ये संपूर्ण राज्यासाठी वॉरंटशोधाची एकच सरकारी जागा आहे आणि विस्कॉन्सिनमध्ये सर्व काउंटींचे खटले एकत्र पाहता येतात. टेक्सासच्या ग्रामीण भागात मात्र योग्य विभागाचा दूरध्वनी क्रमांक मिळवणे हाच खरा शोध असतो. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा १९६७ पासून चालू असलेला राष्ट्रीय संगणकीय साठा पोलिसांसाठी आहे, सामान्य माणसाला तो उघडता येत नाही, आणि गावपातळीवरची लहान वॉरंटे त्यात प्रत्येक वेळी नोंदवलेली असतातच असेही नाही.

तिसऱ्या कार्यालयात फोन लागला, तिथल्या बाईंनी आस्थेने शोधले, आणि आडनावाने काहीच सापडले नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, तो मात्र चुकीचा ठरला. आपण आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहितो. नोंद करणाऱ्याने वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले होते. जन्मतारखेवरून पाहायला सांगितले, तीही अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, तेव्हा नोंद निघाली: एक वेगाची, दुसरी हजर न राहिल्याची, आणि वॉरंट. परदेशातील मराठी मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, की नावाचा प्रत्येक भाग आडनाव धरून आणि जन्मतारखेसह तपासल्याशिवाय "काही नाही" या उत्तरावर विसंबू नये. आणि शेरीफच्या खिडकीशी थेट जाऊन विचारू नये, कारण वॉरंट असेल तर तिथेच अटक होऊ शकते. आधी फोन करावा, शक्य तर वकिलाकरवी.

टेक्सासने २०१७ मध्ये कायद्यात केलेली एक सुधारणा इथे आमच्या कामी आली. केवळ दंडाच्या गुन्ह्यात माणूस आपण होऊन न्यायालयात आला आणि प्रामाणिकपणे प्रकरण मिटवू लागला, तर अद्याप न बजावलेले वॉरंट न्यायाधीशाने मागे घ्यावे, असे ती सांगते. तसेच झाले. पण वकिलांनी भाच्याला बजावले की वॉरंट मागे घेतल्याच्या आदेशाची प्रत काही महिने गाडीत ठेव, कारण न्यायालयाच्या वहीत संपलेले वॉरंट शेरीफच्या संगणकात जिवंत राहू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २००४ मध्ये अलाबामाच्या कॉफी काउंटीतील पोलिसांनी शेजारच्या डेल काउंटीत फोन करून एका माणसाच्या नावावर वॉरंट आहे का असे विचारले. तिथल्या संगणकावर ते चालू दिसले आणि त्याला पकडून झडती घेण्यात आली. डेल काउंटीतल्या कारकुनाने कागद शोधला तेव्हा तो सापडेना, आणि न्यायालयाकडून कळले की वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच रद्द झाले होते. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उलगडले, पण तोवर झडतीत अमली पदार्थ आणि पिस्तूल सापडले होते. तो पुरावा ग्राह्य धरावा की नाही हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो ग्राह्य ठरला. चूक नोंद ठेवणाऱ्याच्या निष्काळजीपणाची आहे, हेतुपुरस्सर केलेली नाही, असे बहुमताने मानले. त्या माणसाबद्दल मला विशेष सहानुभूती नाही. पण नोंद खोडण्याच्या आळसाची किंमत नोंद ठेवणाऱ्याला मोजावी लागू नये, हे मला पटलेले नाही.

आता मुंबईकडे पाहा. १५ ऑगस्ट २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनी, मुंबईतील एका वकिलांना अशाच अजामीनपात्र वॉरंटवर अटक झाली, जे न्यायालयाने आधीच रद्द केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोन हजार रुपये भरपाई मंजूर केली. प्रकरण दिल्लीला गेले, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई वाढवली नाही, परंतु सर्व न्यायालयांसाठी नियम घालून दिले: प्रत्येक वॉरंटला क्रमांक असावा, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात त्याची वही असावी, ते कोणत्या तारखेपर्यंत परत यावे हे लिहिलेले असावे, आणि रद्द झाल्यास त्या आदेशाची प्रत पोलिसांना तर जावीच, पण आरोपीलाही मिळावी. टेक्सासच्या वकिलांनी भाच्याला जो कागद गाडीत ठेवायला सांगितला, तो भारतात आरोपीचा हक्क म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कधीच लिहून ठेवलेला आहे. आपल्या कायद्यानुसार वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत अमलात राहते. जुन्या संहितेच्या कलम ७० मध्ये हे होते, आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. म्हणूनच रद्द झाल्याची नोंद ही निघाल्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

दाजींना मी सांगितले की ई-कोर्ट्स या भारतीय न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून साताऱ्याचा खटला जितक्या सहज दिसतो, तितका मला टेक्सासमधला दिसला नाही. पुतणीलाही सांगितले की टेक्सासचा कायदा अटक वॉरंट सार्वजनिक मानतो ते बजावले गेल्या क्षणापासून. त्याआधी ते सर्वांसाठी खुले ठेवण्याची सक्ती नाही. गंभीर तपासात हे योग्यच आहे, कारण आरोपी पळून जाईल. पण दंड चुकलेल्या किंवा तारीख चुकलेल्या माणसापासून त्याचेच वॉरंट लपवण्यात कोणाचे हित आहे? त्याला कळले तर तो बहुधा हजर होईल. उलट, कळायची सोय नसली की त्या अंधाराचा धंदा होतो. इथे शेरीफच्या नावाने फोन येतात की तुम्ही ज्युरीला (खटल्याच्या निवाड्यासाठी बोलावलेल्या नागरिकांच्या मंडळाला) आला नाहीत, वॉरंट निघाले आहे, लगेच पैसे भरा. भारतात तेच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावे लागले की अशी अटक कायद्यात नाही. अशा फोननंतर घाबरलेल्या निवृत्त शिक्षकाला दोन मिनिटांत खातरजमा करता आली पाहिजे, आणि ती त्याच्या नातवाच्या मदतीशिवाय.

म्हणून माझी मागणी नोंदी सर्वांसाठी उघडण्याची नाही आणि झाकण्याचीही नाही. तारखेचा एसएमएस आज ई-कोर्ट्सकडून येतो. त्याच क्रमांकावर, जामीनपात्र आणि किरकोळ प्रकरणांत तरी, वॉरंट निघाल्याचा आणि रद्द झाल्याचा संदेश यावा, मराठीत यावा, आणि रद्द झाल्याचा संदेश त्याच वेळी संबंधित पोलीस ठाण्याच्या वहीतही उमटावा. दाजींचे वॉरंट दोन वर्षांपूर्वी एकदा निघून रद्द झाले होते. त्या आदेशाची प्रत त्यांना मिळाली होती का, असे मी परवा विचारले, तर अशी प्रत मागता येते हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. सोमवारी ते अर्ज देणार आहेत.